मॅग्नेशियमचं इंजेक्शन आणि गुडघ्यावरची हातोडी

गरोदरपणात रक्तदाब खूप वाढून फिट्स आल्या, तर आम्ही मॅग्नेशियम सल्फेट देतो. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी मी पेशंटच्या गुडघ्याखाली हातोडीने हलकेच ठोकून पाहतो. "फिट तर थांबली, मग हे कशाला?" असं नातेवाईक हमखास विचारतात.

मेंदूचा निरोप चेतातंतूतून विजेसारखा येतो. पण चेतातंतू आणि स्नायू यांच्यात बारीक फट असते. ती ओलांडतं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन. चेतातंतूच्या टोकाशी ते इवल्या पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. निरोप पोचला की टोकावरची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या रित्या होतात आणि स्नायू आकसतो.

मॅग्नेशियमवरही कॅल्शियमसारखेच दोन धन भार असतात. ते जास्त झालं की कॅल्शियमची वाट अडते. १९६७ मध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवलं, की बाहेरचं कॅल्शियम आधीच कमी असताना ते आणखी निम्मं झालं, तर रसायनाचा स्राव निम्म्यावर नाही, जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येतो.

फिट थांबते ती मुख्यतः मेंदूवरच्या परिणामामुळे; स्नायू ढिले पडणं हा नको असलेला परिणाम. मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर पडतं आणि या आजारात किडनीचं काम मंदावू शकतं. औषध साठत गेलं की आधी गुडघ्याची उसळी जाते, नंतर श्वास. म्हणून तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याची उसळी, मिनिटाला किमान १६ श्वास आणि चार तासांत किमान १०० मिली लघवी.

मी निवासी डॉक्टर असताना एका रात्री एका बाईंचा पाय उसळलाच नाही. लघवीची पिशवी जवळपास रिकामी होती, श्वास मिनिटाला दहावर आलेला. डोस थांबवला, ऑक्सिजन लावला आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिली शिरेतून सावकाश दिले. काही मिनिटांत छाती नीट हलू लागली. पुस्तकातली ती फट मला त्या रात्री खरी कळली.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात चेता-स्नायूंचा हा सांधा मुळातच दुबळा असतो. घरातल्या गरोदर बाईला तो असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. आणि हातोडी दिसली तर घाबरू नका. तिच्या श्वासाची काळजी घेणं चाललेलं असतं.