मेल माझ्या नावाचा, पाठवणारा भलताच

सकाळी कॉम्प्युटर उघडावा, तर इनबॉक्समध्ये परत आलेल्या मेलची ही रास. ‘संदेश पोचवता आला नाही.’ ‘असा पत्ता अस्तित्वात नाही.’ पत्ते पोलंडचे, ब्राझीलचे. विषय वजन घटवण्याच्या गोळ्यांचा. यातलं काहीच आपण पाठवलेलं नसतं. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा लोकांत याला बॅकस्कॅटर म्हणतात. ज्याच्यावर तो कोसळतो तो पहिल्यांदा पासवर्ड बदलतो.

तामलवाडीच्या एका वर्कशॉपमालकानंही तेच केलं होतं. सोलापूर सोडून तुळजापूरच्या वाटेला लागलं की धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव लागतं. कोजागरीला पायी तुळजापूरला निघालेले भाविक इथूनच पुढे जातात. बालाजी अमाइन्सचा रसायनांचा कारखाना याच गावचा. माझा हा गडी मात्र लहान धंद्यातला, टाक्या आणि शेडचं फॅब्रिकेशन करणारा. “दादा, मेल हॅक झालाय बघा आमचा. पासवर्ड बदलून बदलून दमलो, तरी थांबंना.”

थांबणार कसं? त्याच्या खात्यात कुणी शिरलंच नव्हतं.

हे हेडरवरून कळतं. परत आलेल्या मेलला बहुधा मूळ मेलचं हेडर जोडलेलं असतं. त्यात ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळींची उतरंड असते. सगळ्यात खालची ओळ सगळ्यात जुनी, पण ती स्पॅमवाला खोटी लिहू शकतो. भरवसा ठेवायचा तो मेल नाकारणाऱ्या सर्व्हरनं स्वतः लिहिलेल्या ओळीवर. त्या ओळीतला आयपी पत्ता परदेशातल्या कुठल्यातरी अनोळखी मशीनचा होता. वर्कशॉपच्या होस्टिंगचा सर्व्हर त्या उतरंडीत औषधालाही नव्हता. तो असता, तर गोष्ट वेगळी होती. मग पासवर्ड बदलायचा, गुपचूप लावलेलं फॉरवर्डिंग शोधायचं आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करायची.

मुळात मेलवर पाठवणाऱ्याचं नाव लिहिणं हे पोस्टाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ लिहिण्यासारखं आहे. पोस्टमन ओळखपत्र मागत नाही आणि पत्ता चुकला की पाकीट त्या लिहिलेल्या प्रेषकाकडेच परत येतं. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवण्याचे, नियम लिहिले तेव्हा जाळ्यावर होत्या त्या बहुतेक विद्यापीठं आणि संशोधन संस्था. खोटं नाव लिहून कुणाला काय मिळणार होतं? गंमत म्हणजे मेलमध्ये प्रेषक दोन असतात. एक बाहेरचा, सर्व्हर एकमेकांना सांगतात तो. दुसरा आतला, वाचणाऱ्याला दिसतो तो. दोन्ही वेगवेगळे असू शकतात, दोन्ही खोटे असू शकतात. १९९७ मध्ये जो डॉल या अमेरिकन वेबसाइट चालकाने स्पॅम पाठवणाऱ्या एका ग्राहकाचं खातं बंद केलं, तर सूड म्हणून जोच्याच नावाने स्पॅमचा मारा झाला. तेव्हापासून असल्या कारस्थानाला ‘जो जॉब’ हेच नाव पडलं. तामलवाडीत मात्र सूडबिड काही नव्हतं. स्पॅमवाल्याला एक खराखुरा डोमेन हवा होता, तो कुठल्यातरी यादीत सापडला, इतकंच.

उपाय इनबॉक्समध्ये नाही, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत आहे. पहिली नोंद एसपीएफची: आमच्या नावाने मेल पाठवायला हेच सर्व्हर मुखत्यार. या गड्याच्या डोमेनला ती नोंद होती, होस्टिंगवाल्यानंच टाकलेली, पण शेवटच्या ‘ऑल’च्या आधी लाटेसारखी नागमोडी खूण होती. त्या खुणेचा अर्थ, यादीबाहेरचा सर्व्हर दिसला तर संशय घ्या. तिथे उणेची खूण असती तर अर्थ झाला असता, सरळ नाकारा. शिवाय एसपीएफ फक्त बाहेरचा प्रेषक तपासतो, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाला हातही लावत नाही. म्हणून दुसरी गोष्ट डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर डोमेनची डिजिटल सही. आणि २०१५ मध्ये आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत प्रसिद्ध झालेलं डीमार्क या दोन्हींचा सांधा दिसणाऱ्या नावाशी जुळवतं आणि न जुळल्यास काय करायचं ते सांगतं: काही नको, स्पॅममध्ये टाका, किंवा नाकारा.

बहुतेक जण ‘काही नको’वर थांबतात आणि डीमार्क केलं म्हणून सांगतात. ते म्हणजे चोर मोजत बसणं. अर्थात सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण मेल घेणाऱ्या सर्व्हरांकडून रोज येणाऱ्या एक्सएमएल अहवालांत आपलीच माणसं सापडतात. इथे सापडला सीएच्या ऑफिसातला मुलगा. तो वर्कशॉपच्या पत्त्याने, पण स्वतःच्या सर्व्हरवरून गिऱ्हाइकांना स्टेटमेंटं धाडत होता. पहिल्याच दिवशी ‘नाकारा’ लावलं असतं तर तीही गेली असती. त्याला आधी रांगेत आणलं, मग दार लावलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलने या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या, तेव्हा कुठे गावोगावचे होस्टिंगवाले जागे झाले.

स्वतःचा डोमेन नसलेल्या, साधा जीमेलचा पत्ता वापरणाऱ्या माणसाच्या हाती यातलं काही नाही. त्यानं परत आलेल्या मेलना उत्तर देऊ नये, फिल्टर लावावा आणि वाट पाहावी. स्पॅमवाला काही दिवसांत दुसरं नाव उचलतो.

डीमार्कलाही न अडवता येणारा प्रकार म्हणजे हुबेहूब दिसणारा डोमेन. २०१५ मध्ये मुंबईत नोंदवलेल्या ओएनजीसीच्या प्रकरणात ‘ओएनजीसी’तल्या एन आणि जी या अक्षरांची फक्त अदलाबदल केली होती. तेवढ्यावर सौदी ग्राहकाकडून येणारे सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात वळले. तो ठकाचा स्वतःचा डोमेन, त्याची सही खरीच लागणार! इथे एकच इलाज: बँक खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नव्हे. वर्कशॉपच्या बिलावर आता तशी ओळच छापली आहे.

कायद्याची तऱ्हा विचित्र आहे. मेल कुठून आला याबद्दल दिशाभूल करणं, हे नेमक्या शब्दांत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात होतं. ते कलम बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालत होतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी अख्खं रद्द केलं. ते योग्यच झालं, पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. उरली ६६-क आणि ६६-ड: ओळख चोरणं आणि तोतयेगिरीने फसवणं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन. पैसे गेले नसले तरी पोलिसांत अर्ज देऊन पोच घ्यावी, असं मी सांगतो. उद्या कुणी ‘तुमच्याच मेलवरून फसलो’ म्हणत दारात आला, तर तारखेचा कागद हाताशी असतो.

आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांच्या डोमेनमध्ये जुनं नाव होतं, ते आता नवा डोमेन घेतात आणि जुन्याचं नूतनीकरण सोडून देतात. असं करू नका. सुटलेला डोमेन कुणीही विकत घेतो, आणि मग त्याला तुमचं नाव खोटं लिहावंच लागत नाही, ते कायदेशीर त्याचंच असतं. वर्षाला हजार-दीड हजार जातात ते जाऊ द्या. जुन्या डोमेनच्या एसपीएफमध्ये एकही सर्व्हर ठेवू नका, नुसता ‘ऑल’ आणि आधी उणे, डीमार्क ‘नाकारा’वर.