काळा कोट नसलेली वकील

लातुरात ‘मी वकील आहे’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘कोणत्या कोर्टात?’ कोर्टात नाही, कंपनीत, म्हटलं की समोरच्याचा आवाजच हळवा होतो. ‘असू दे, जमेल प्रॅक्टिस हळूहळू.’ बाबांचे एक मित्र तर थेट विचारतात, ‘मग तिथं काय करायलीस तू?’

प्रश्न चुकीचा नाही. मी एका डाळमिलवाल्या ग्रुपमध्ये लीगल ऑफिसर आहे. मिल लातूरला, दुसरं युनिट नांदेडला. आमचं लीगल डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक लोखंडी कपाट. बाबांनी तीस वर्षं जिल्हा कोर्टात काढली. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम क्रमांक ४९ आहे. त्यामुळे जॉइन होताना मला सनद स्थगित ठेवावी लागली. तो अर्ज टाकला त्या दिवशी बाबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या भैय्यांनी, म्हणजे शेठच्या पुण्याहून एमबीए करून आलेल्या मुलानं, कारभार हातात घेतला. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी प्रत्येक डिपार्टमेंटला एकच प्रश्न विचारला : कंपनीला किती मिळवून दिलं? सेल्सकडे आकडा होता, परचेसकडे होता. माझी पाळी आली. ‘मॅडम, केस असेल तेव्हा बाहेरचा वकील लावतोच आपण. मग हा पगार कशाचा? सहा महिन्यांत दाखवा, नाहीतर बघू.’

त्या ‘बघू’चा अर्थ प्रत्येक नोकरदाराला कळतो!

दोन दिवस मी कपाटातल्या फायली चाळल्या. प्रत्येक फाईल माझ्याकडे उशिरा आलेली होती. माल गेला, पैसे अडकले, भांडण झालं, की मगच ‘मॅडमकडे द्या’. ठरवलं, केबिनमध्ये बसून हा आकडा सापडणार नाही. वही घेतली आणि जिथं कागद जन्माला येतो तिथं जाऊन बसले. काट्यावर, गोदामात आणि मुनीमजींच्या टेबलाशी.

लातूरच्या बाजारात लाखांचे सौदे शब्दावर होतात. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर आजही जबान हीच मोठी पत आहे आणि ते मला मनापासून आवडतं. पण माल परराज्यात गेला की जबान तिथवर पोचत नाही, बिल पोचतं. आमच्या बिलावर लक्ष्मीचा फोटो होता, ‘भूल-चूक देणे-घेणे’ होतं, पण आमचा उद्यम नोंदणी क्रमांक नव्हता. एमएसएमईडी कायदा २००६ सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्समध्येही मेख आहे. मुदत उलटून गेली की खरेदीदाराला ती रक्कम, पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय, खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे आपले पैसे थकले की त्याच्या सीएला घाम!

मी बिलावर दोन ओळी छापून घेतल्या. उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची मुदत. खर्च शून्य. मग जुन्या थकबाकीदारांना नोटीस न पाठवता साधी पत्रं लिहिली, ‘आपल्या सीएंना दाखवावे’ एवढंच सांगणारी. मार्च संपायच्या आत तीन मोठ्या पार्ट्यांचे पैसे आले. केस एकही केली नाही.

दुसरी गोष्ट मुनीमजींच्या ड्रॉवरमधली. न वटलेले चेक ते रबरबँड लावून जपून ठेवत. ‘पार्टी चांगली आहे ताई, देईल की.’ देईलही. पण चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर कलम १३८ त्या वेळेपुरतं हातातून जातं. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. हे तीन आकडे मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या टेबलासमोर लावले आणि एक रजिस्टर घातलं. मुनीमजी आधी रुसले. ‘चाळीस वर्षांत अशी पाटी लागली नव्हती.’ आता चेक परत आला की त्याच संध्याकाळी माझ्या टेबलावर असतो.

तिसरी गोष्ट नांदेडची. गोदामासाठी जमीन बघितली होती. रस्त्याला लागून, भाव बरा, ऑनलाइन सातबारा स्वच्छ. इसार द्यायचा मुहूर्तसुद्धा ठरला होता. पण आपला मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या जमिनीचा इतिहास सातबाऱ्याच्या मागे बराच लांब जातो. मी १९५४-५५चं खासरा पाहणीपत्रक मागवलं. काही जुन्या नोंदी उर्दूत. आता वाचणार कोण? बाबांना विचारलं. काही न बोलता त्यांनी स्कूटर काढली आणि मला उर्दू वाचणाऱ्या एका निवृत्त तलाठ्यांकडे नेलं. काकांनी चष्मा वर केला आणि एका शब्दावर बोट ठेवलं : ‘खिदमतमाश’. म्हणजे धर्मस्थळाच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन. ती अशी सहज विकता-घेता येत नाही. परत येताना बाबा म्हणाले, ‘ही केस पुढं माझ्याकडं आली असती. वीस वर्षं चालली असती.’ ‘छान काम केलंस’ हे बाबा असंच म्हणतात.

सौदा थांबला तेव्हा भैय्या वैतागले. ‘लीगलला फक्त नाही म्हणता येतं!’ खरंय, नुसतं ‘नाही’ म्हणणारा वकील कंपनीला महागच पडतो. म्हणून मी ‘नाही’च्या सोबत दुसरा कागद नेला होता. कृष्णूरच्या एमआयडीसीत एक प्लॉटधारक निघणार होता. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्यानं असते, मालकी महामंडळाची, हस्तांतराला त्यांची परवानगी आणि फी लागते. भाव थोडा जास्त, पण झोप शांत. आज आमचं गोदाम तिथंच आहे.

सहा महिन्यांनी मी भैय्यांसमोर एक पान ठेवलं. केस किती जिंकल्या, हे त्यात नव्हतंच. पैसे यायला आधी किती दिवस लागत, आता किती लागतात. किती चेकची नोटीस वेळेत गेली. करार माझ्याकडे आल्यापासून किती दिवसांत परत गेला. शेवटी, न दिलेल्या इसाराची रक्कम. भैय्या त्या ओळीवर थांबले. ‘ही तर कमाई नाही.’ म्हटलं, ‘नाही. पण ती अजून आपल्या खात्यात आहे.’ ते हसले. ‘बघू’ हा शब्द पुन्हा निघाला नाही.

तुमच्याही ऑफिसात कोपऱ्यात एक लीगलवाली बसत असेल. सही झाल्यावर तिच्याकडे गेलात तर ती फार तर नोटिशीचं उत्तर लिहून देईल. सहीच्या आधी गेलात तर कदाचित नोटीस येणारच नाही. काम तेच, पगारही तोच, फरक फक्त तुम्ही कधी गेलात याचा.

परवा अहमदपूरजवळ बसमध्ये होते. रेंज येत-जात होती आणि मुनीमजींचा फोन आला. ‘ताई, नवी पार्टी आहे. कागद आलाय. सही केली नाही अजून, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.’