माहेरचे वस्त्र

मरण एकच असले, तरी मृताला निरोप देण्याच्या रीती अनेक आहेत. मॉरिशससारख्या लहान बेटावर ही गोष्ट विशेष जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे निम्मे लोक हिंदू आहेत, तर शंभरांतील २६ रोमन कॅथलिक. १८३४ पासून गिरमिटाने येथे आलेल्यांत आरंभी स्त्रियांची संख्या फारच थोडी होती. त्यामुळे कित्येक घराण्यांतील लग्नसंबंध जातीच्या आणि धर्माच्या कुंपणापलीकडे गेले. पुढेही असे विवाह होत राहिले. लग्नाच्या वेळी उठलेले वादळ काळाने शमते. परंतु मृत्यू दारी आला म्हणजे जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : आपले माणूस परक्या विधीने जात असता आपण कोठे उभे राहावे?

ब्लॅक रिव्हर भागातील एका मराठी घरावर असाच प्रसंग आला. घरची थोरली लेक तरुणपणी एका कॅथलिक कोळ्याशी विवाहबद्ध झाली आणि तिने बाप्तिस्माही घेतला. वडिलांनी अखेरपर्यंत तिच्या घरी पाऊल ठेवले नाही. ते गेल्यावर धाकट्या भावाने भाऊबीज पुन्हा सुरू केली खरी; पण ओवाळून घेऊन तो जेवणाआधीच परतत असे. ती वारल्याचा निरोप आला, तेव्हा तो ओसरीवर कितीतरी वेळ नुसता बसून राहिला. शेवटी पत्नीच म्हणाली, "अहो, वन्सं सवाष्ण गेल्या. माहेरचे वस्त्र आपल्याखेरीज कोण नेणार?"

हिरवी साडी घेऊन दोघे निघाली. बहिणीच्या घरी आदल्या रात्रीचे जागरण होऊन गेले होते. काळ्या कॉफीचे पेले अद्याप तसेच पडलेले होते. भाच्याने साडी पाहिली आणि तो म्हणाला, "मामा, पाद्रीबाबांना विचारून येतो." उत्तर आले ते सरळ होते. चर्चमध्ये शवपेटीवर केवळ पांढरे वस्त्र घालतात, कारण ते बाप्तिस्म्याच्या शुभ्र वस्त्राची खूण आहे. परंतु आत देहावर काय असावे, हे घरच्यांनी ठरवावे. वहिनीने साडी अंगावर नीट पसरली, कुंकू लावले. नंतर म्हाताऱ्या नवऱ्याने थरथरत्या हातांनी पत्नीच्या बोटांत जपमाळ गुंफली. मग पेटी बंद झाली.

चर्चच्या दारातच पाद्रीबाबांनी पेटीवर पवित्र जल शिंपडले. वेदीपाशी एक मोठी मेणबत्ती तेवत होती. ईस्टरच्या रात्री प्रथम पेटविली जाणारी ही ज्योत ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे चिन्ह मानली जाते. पूर्वी हा विधी लॅटिन भाषेत आणि काळ्या वस्त्रांत होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाव दिला आणि अंत्यविधीतून पुनरुत्थानाची आशा अधिक स्पष्ट व्हावी असे ठरविले. म्हणूनच शेजारपाजारच्या बायका क्रिओलमध्ये गात होत्या, आणि त्यांचे शब्द भावालाही कळत होते.

प्रसाद घेण्यास लोक उठले, तेव्हा तो जागीच बसून राहिला. ती भाकर कॅथलिकांसाठी ख्रिस्ताचे शरीरच होय. ज्याची तशी श्रद्धा नाही त्याने ती न घेणे, यातच तिचा मान आहे. अखेरीस पेटीभोवती धूप फिरविला गेला. जल, दीप, धूप : तिन्ही त्याच्या ओळखीची. मात्र अर्थ वेगळा होता, आणि तो वेगळा आहे हे विसरून चालत नाही. आपण देह अग्नीला देतो आणि आत्म्याचा पुढचा प्रवास मानतो. ते देह मातीत ठेवतात आणि त्याच्या पुन्हा उठण्याची वाट पाहतात. १९६३ पासून चर्चने दहनासही मुभा दिली आहे, तरी तेथे दफनच अधिक इष्ट मानले जाते. आपल्याकडेही संन्यासी आणि तान्ही बाळे भूमीलाच दिली जातात.

दफनभूमीत भाच्याने पहिली मूठ माती टाकली आणि मामाकडे पाहिले. मामा पुढे झाला. त्याने माती टाकली, हात जोडले, आणि मेहुण्याच्या खांद्याला धरून तो फाटकापर्यंत चालत आला. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना प्रथमच स्पर्श केला होता.

घरी येऊन त्याने स्नान केले आणि रीतीप्रमाणे सूतक पाळले. पितृपक्षातील अविधवा नवमीला बहिणीच्या नावाने पान वाढले गेले. २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतात्म्यांच्या दिवशी, तो भाच्यासोबत तिच्या थडग्यावर फुले घेऊन गेला. त्या दिवशी त्याने बहिणीच्या घरी प्रथमच पोटभर जेवण केले.

परक्या विधीस हजर राहिल्याने स्वधर्म उणा होत नाही. जेथे श्रद्धा नाही तेथे ती असल्याचा देखावा करू नये, आणि जेथे नाते आहे तेथे ते नाकारू नये. लेक कोणत्याही देवाच्या दारातून गेली, तरी तिचे माहेर तिला शेवटचे वस्त्र देण्याइतके समर्थ असावे. समुद्र ओलांडून आलेल्या आपल्या पूर्वजांनी पुष्कळ गमावले. माणसे राखण्याची त्यांची रीत तेवढी आपल्या हाती राहो.