ब्लँकिंग डाय शेवटी

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रेस टूल बनवणारा ड्रॉइंग घेतो आणि पहिल्या ऑपरेशनपासून ओळीनं कामाला लागतो. वाकवलेल्या पार्टच्या बाबतीत हे उलटं असतं. प्रेसवर सगळ्यात आधी चालते ब्लँकिंग डाय, म्हणजे पत्र्याचा सपाट तुकडा कापणारी. टूलरूममध्ये सगळ्यात शेवटी बनते तीच. वाकताना, ताणताना पत्रा किती लांबेल हे हिशेबानं अंदाजे कळतं, नेमकं कळत नाही. म्हणून आधी फॉर्मिंग डाय करायची, लेझरवर कापलेले चार तुकडे तिच्यात दाबायचे, पार्ट मोजायचा, तुकड्याचा आकार बदलायचा, पुन्हा दाबायचा. माप बसलं की मग ब्लँकिंग डायच्या पोलादाला हात. डी-टू पोलाद हार्डनिंगहून 58-60 एचआरसी इतकं कडक होऊन आलं की त्यावर कानस चालत नाही. जास्त कापलं गेलं तर वेल्डिंग भरता येतं म्हणा, पण ते ठिगळच.

त्यातून पत्रा हल्ली हाय-टेन्साइल. गाडी हलकी आणि मजबूत हवी, म्हणून तो आला; पण प्रेस उघडला की वाकवलेला कोन थोडा परत उघडतो, आणि हा पत्रा तर फारच उघडतो. म्हणून डायमध्येच जास्त वाकवायचं. किती, ते सिम्युलेशन सांगतं, बऱ्यापैकी खरं सांगतं. कॉइल बदलली की आकडा हलतो, म्हणून ट्रायल काही चुकत नाही.

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचंही पुढचं कुणाला नेमकं सांगता आलेलं नाही. आकुर्डीत बजाजचं उत्पादन 2007 मध्ये थांबलं; 2022 पासून तिथेच विजेवरची चेतक स्कूटर बनू लागली. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2020 च्या डिसेंबरात गाड्या निघायच्या बंद झाल्या, आता तो ह्युंदाईकडे आहे. नव्या चेतकला इंजिन नाही, क्लच नाही. अंग मात्र पत्र्याचंच, म्हणजे डाय कुणीतरी केलीच.

चाकणला गिअर लाइनवर असलेला गावाकडचा एक पोरगा विचारायला आला. ‘‘काका, इंजिनच जाणार म्हणतात. नोकरी सोडून डिझाइन शिकू का?’’ अशा वेळी ‘झोकून दे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाहीत. मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता चालू असलेल्या माणसाला उडी मार म्हणणारे स्वतः बहुतेक पगारावर असतात.

मी म्हटलं, ‘‘राजीनाम्याचं शेवटी बघ. क्लास संध्याकाळचा लाव, आणि रविवारी आमच्या डायच्या शेडवर ये.’’ त्याची सुट्टी रविवारी, आमची भोसरीची गुरुवारी, म्हणून जमलं. आला. डायला निळा रंग लावून पत्रा कुठे टेकतो, कुठे नाही, ते बघायला शिकला. गिअरच्या कामात मायक्रॉनची सवय झालेली, त्यामुळे त्याची नजर आमच्या जुन्या पोरांपेक्षा लवकर बसली. हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं; घरी बसून विचार करून ते कळलंही नसतं.

डिझाइनचा क्लास त्यानं मधेच सोडला. रविवारच्या ट्रायल चालू आहेत. चाकणची नोकरीही चालू आहे.