अपसव्य वाट

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील स्टाउरहेड या वाड्यातून त्याच्या जगप्रसिद्ध बागेतले तळे दिसत नाही. पाहणाऱ्याला वाडा पाठीमागे टाकून झाडांच्या दाटीतून उतार उतरावा लागतो, आणि पानांच्या फटीतून पाणी प्रथम चमकते तेव्हा पलीकडच्या काठावर एखादे मंदिर उभे दिसते, ज्याच्याकडे सरळ वाट मात्र जात नाही.

लंडनच्या होअर या सराफ घराण्याने ही जहागीर 1717 मध्ये विकत घेतली, जुना वाडा पाडला आणि कोलेन कॅम्बेल या वास्तुकाराकडून पॅलेडियन शैलीचा, म्हणजे सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पॅलेडिओच्या प्रमाणबद्ध वास्तूंना आदर्श मानणाऱ्या शैलीचा, नवा वाडा बांधवला. साउथ सी कंपनीच्या शेअरांचे भाव 1720 मध्ये भडकले आणि कोसळले, त्या उलाढालीत होअर पेढीने मोठा नफा मिळवला होता. या कंपनीकडे स्पॅनिश वसाहतींना आफ्रिकी गुलाम पुरवण्याचा ठेका होता, आणि वाड्याच्या देखण्या दर्शनी भागासमोर उभे राहताना हे विसरणे योग्य नव्हे.

बाग मात्र दुसऱ्या पिढीतल्या हेन्री होअरची. त्या काळी इंग्लंडमध्ये आखीव वाफे आणि कातरलेली कुंपणे मागे पडून चित्रोपम बागेची, म्हणजे निसर्गचित्रासारखी भासेल अशा रीतीने जमीन, पाणी आणि झाडे यांची रचना करण्याची, दृष्टी रुजत होती. होअरने स्टाउर नदीच्या उगमाजवळचे पाणी 1754 च्या सुमारास बांध घालून अडवले आणि त्या तळ्याभोवती फ्लोराचे मंदिर, रोममधल्या वास्तूच्या धर्तीवरचे घुमटाकार पँथिऑन, टेकडीवरचे अपोलोचे मंदिर आणि पाच कमानींचा पूल अशा वास्तू एकामागून एक उभ्या केल्या. या सर्वांत मनाला भिडते ती दगडांनी रचलेली कृत्रिम गुहा : आत झऱ्याच्या थंड पाण्याकाठी निजलेल्या जलदेवतेची मूर्ती आहे, पुढे नदीदेवतेची आहे, आणि भिंतीतल्या एका खडबडीत झरोक्यातून तळे पाण्याच्या पातळीवरून दिसते, त्यामुळे उन्हातून आलेल्या माणसाला क्षणभर आपण पाण्याखालून जगाकडे पाहत आहोत असे वाटते.

ही वाट तळे डाव्या हाताला ठेवून चालायची आहे. उजवी बाजू देवाकडे ठेवणाऱ्या प्रदक्षिणेच्या हे उलट आहे; मराठीत त्याला अपसव्य म्हणतात, आणि पितृकर्मात जानवे उजव्या खांद्यावर घेण्यालाही हाच शब्द आहे. होअरला अर्थातच हे ठाऊक नव्हते. तरीही त्याची दुसरी पत्नी 1743 मध्ये वारली, एकुलता उरलेला मुलगा 1751 मध्ये नेपल्स येथे देवीच्या रोगाने गेला, आणि पँथिऑन व तळे ही दोन्ही कामे त्यानंतरच्या तीन वर्षांतली आहेत, हा क्रम लक्षात घेतला की या वाटेला तो शब्द परका राहत नाही. बाग शोकापोटी उभी राहिली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण मुलगा उरला नसताना झाडे लावणाऱ्या माणसाचा धीर कोणत्याही मंदिरापेक्षा मोठा मानावा लागतो.

पुढे त्याचा दौहित्र रिचर्ड कोल्ट होअर, जो विल्टशरमधल्या प्राचीन दफनटेकड्यांचा अभ्यासक होता, त्याने रोडोडेंड्रॉनसारखी परदेशी झुडपे आणून हिरव्यागार रचनेत रंग भरला. तो रंग काही जाणकारांना खटकतो, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मूळ बाग सावल्यांवर उभी होती. 1902 मध्ये वाड्याचा मधला भाग आगीत जळाला, तो पुन्हा बांधला गेला.

त्यानंतर जे गेले ते पुन्हा उभे करता येण्याजोगे नव्हते. त्या वेळचे मालक, याच घराण्यातले सर हेन्री होअर आणि त्यांची पत्नी लेडी आल्डा, यांचा एकुलता मुलगा हॅरी पॅलेस्टाइनच्या लढाईत जखमी होऊन डिसेंबर 1917 मध्ये अलेक्झांड्रिया येथे वारला. वृद्ध दांपत्याने 1946 मध्ये वाडा आणि बाग नॅशनल ट्रस्टला, म्हणजे ऐतिहासिक वास्तू व निसर्गस्थळे जनतेसाठी जपणाऱ्या संस्थेला, दिली आणि 25 मार्च 1947 रोजी काही तासांच्या अंतराने दोघांनी देह ठेवला. आता उतार उतरून येणारी अनोळखी माणसे त्यांच्या तळ्याकाठी पाणी डावीकडे ठेवूनच चालतात, आणि बांधावरून निसटलेले पाणी डॉर्सेटमधून वळसे घेत इंग्लिश खाडीकडे वाहत राहते.