केव्हनेथिन : थकलेल्या मातांचे आश्रयस्थान

इंग्लंडला जाणारे आपले यात्रेकरू लेस्टरच्या जिनमंदिराचे दर्शन घेतात, पॉटर्स बारच्या ओशवाल केंद्रातही जातात. परंतु पश्चिमेकडील वेल्स प्रांताकडे क्वचितच कोणी वळते. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून आगगाडीने सुमारे तीन तासांत स्वान्सी येते. तेथून वायव्येस गेले की कारमार्थनशायर परगण्यात केव्हनेथिन हे लहानसे गाव लागते. भोवती हिरव्या टेकड्या, पावसाने भिजलेली कुरणे आणि एके काळी उत्तम प्रतीच्या दगडी कोळशासाठी प्रसिद्ध असलेले ग्वेनड्राएथचे खोरे. याच गावात ‘मेनी टिअर्स’ नावाची प्राणिसेवी संस्था आहे. नावाचा अर्थ ‘अनेक अश्रू’. आणि ते नाव अगदी सार्थ आहे.

हा परगणा मूळचा दुग्धव्यवसायाचा. तो व्यवसाय परवडेनासा झाल्यावर काही शेतकऱ्यांनी गोठ्यांतून कुत्र्यांची पैदास सुरू केली. बाजारात गोजिरवाणे पिलू दिसते. त्याची आई कोणालाच दिसत नाही. ती अंधाऱ्या खोपटात वर्षानुवर्षे गाभण राहते, विते आणि पिलांना मुकते. वेत देण्याची शक्ती सरली की मालकाच्या हिशेबात तिची किंमत शून्य होते. अशा श्वानांना पैदासकारांकडून स्वीकारणे, उपचार करणे आणि त्यांना नवे घर मिळवून देणे, हे या संस्थेचे मुख्य कार्य होय.

हे कार्य वरवर दिसते तितके सोपे नाही. या कुत्र्यांनी घर कधी पाहिलेलेच नसते. जिना, आरसा, दूरदर्शनचा आवाज, गळ्यातील पट्टा, पायाखालचे गवत, साऱ्याचीच त्यांना धास्ती वाटते. माणसाचा हात पुढे आला की ती कोपऱ्यात अंग चोरून बसतात. म्हणून पुष्कळदा अशा कुत्र्याला दुसरे शांत, माणसाळलेले कुत्रे असलेल्या घरीच दिले जाते. त्याला पाहून नवागत शिकतो की, हात हा गोंजारण्यासाठीही असतो. काही कुटुंबे कायमचे घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळ करतात. विश्वास बसण्यास कधी आठवडे लागतात, तर कधी वर्षे.

याच वेल्समधील एका पैदासकेंद्रातून २०१३ मध्ये सुटलेली ल्यूसी ही कॅव्हेलिअर जातीची कुत्री पुढे साऱ्या ब्रिटनला माहीत झाली. अरुंद पिंजऱ्यातील वास्तव्याने तिचा कणा वाकला होता. २०१६ मध्ये ती गेली. पण तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. सहा महिन्यांखालील पिले दलालामार्फत किंवा दुकानातून विकण्यास त्याने बंदी केली. त्यामुळे विक्रेत्याला आता स्वतःच पैदास केलेली पिले विकता येतात. परवानाधारक पैदास मात्र चालूच आहे. वेल्सच्या नियमांनुसार वीस प्रौढ कुत्र्यांमागे एक सेवक पुरेसा मानला जातो आणि एका मादीकडून सहा वेतांपर्यंत घेता येतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पैदासकाराची नकोशी कुत्री स्वीकारून आपण त्याचाच भार हलका करीत नाही काय? खाटकाला पैसे देऊन बकरे सोडविणाऱ्या श्रावकालाही हाच आक्षेप ऐकावा लागतो. आक्षेपात तथ्य आहे. पण समोर उभ्या असलेल्या पंचेंद्रिय जीवाला त्या तर्काशी कर्तव्य नसते. त्याला आज आश्रय हवा असतो. जीवदया दोन्हीकडून करावी लागते : जीवाला आधार देऊन आणि बाजाराची मागणी आटवून. पहिले काम केव्हनेथिन करते. दुसरे खरेदीदारांच्या हाती आहे.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवावेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जन्मभर पिंजऱ्यात कोंडणे हा बंध आहे. देहाला न झेपणारी वेते लादणे हे अतिभारारोपणाहून वेगळे कसे म्हणावे? पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे प्राण्यांचा व्यापार, त्याज्य सांगितले आहे. मरणासन्न श्वानाच्या कानी णमोकार मंत्र सांगणाऱ्या जीवंधरकुमाराची कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. तो श्वान कोणत्या जातीचा होता, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आपल्या देशातही २०१७ च्या नियमांनी पैदासकाराला नोंदणी सक्तीची केली आहे. अठरा महिन्यांखालील मादीकडून पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांखालील पिलू विकता येत नाही. तरीही वाढदिवसाची भेट म्हणून विदेशी जातीचे पिलू घेताना त्याच्या आईची चौकशी फारसे कोणी करीत नाही. मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला, तर त्यांना आधी एखाद्या प्राणिनिवाऱ्यात न्यावे. तेथे वय झालेले, भेदरलेले, कोणाला नको असलेले एखादे जनावर वाट पाहत असते. त्याला घरी आणणे हे अभयदान आहे, आणि ते देण्यासाठी वेल्सपर्यंत जावे लागत नाही.