फाट्यापासून दोन किलोमीटर

मला गाडी चालवता येत नाही. शिकलो नाही असं नाही, पण दिवस मावळला की मला दिसत नाही. गावात याला रातांधळं म्हणतात. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं आणि उपाय नाही म्हणाले. दिवसाही दिसतं ते समोरचंच. बाजूनं आलेलं ढोर अंगावर आल्यावरच कळतं. म्हणून पन्नाशी उलटल्यावरही मी बायकोच्या स्कुटीवर मागे बसतो. पानठेल्यावरचे लोक आधी हसायचे, "मास्तर, हँडल बाईच्या हाती देल्लं का?" आता हसत नाहीत. त्यातल्या दोघांच्या घरीही सुनांनी स्कुटी घेतली आहे.

आमचं गाव देवरीहून चिचगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. देवरीतून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. जुनी माणसं त्याला अजून सहा नंबरच म्हणतात, कागदावर तो 53 झाला. रात्रंदिवस ट्रक चालू असतात, पलीकडे छत्तीसगडची हद्द जवळच. आगगाडी पाहिजे असेल तर आमगाव गाठायचं. म्हणजे देवरीच्या माणसाला एका बाजूनं मुंबई आणि दुसऱ्या बाजूनं कोलकाता मोकळं आहे. अडतं ते फाट्यापासून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरात.

माझ्या लहानपणी हे अडणं नव्हतं. बाबांकडे दमनी होती आणि दोन पांढरे बैल. बाजार करून बाबा दिवेलागणीला देवरीहून निघायचे, कासरा ढिला सोडायचे आणि चक्क आडवे व्हायचे. बैल घरासमोर येऊन उभे राहिले की आई कंदील घेऊन बाहेर यायची. बाबाही रातांधळे होते, हे मला फार उशिरा कळलं. ते वारल्यावर आईनंच सांगितलं. जन्मभर गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण डोळे बैलांचे होते.

मग बैल गेले, फटफट्या आल्या. गावात दोन तऱ्हेची माणसं झाली. एक स्वतः जाणारी आणि दुसरी कोणी नेलं तर जाणारी. दुसऱ्यांत म्हातारे आले, बहुतेक बाया आल्या, पोरं आली, आणि मी. डांबरी रस्त्यावर एसटी होती, काळी-पिवळी होती, पण काळी-पिवळी भरल्याशिवाय हलायची नाही आणि फाट्यापर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न उरायचाच. पोरींना शाळेत न्यायला मानव विकासच्या निळ्या बस आल्या तेव्हा आई म्हणाली होती, "म्हातारीची शाळा कुठं असते का पाय."

2021 साली दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. पोटाचा प्रश्न होता, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्याच दिवसांत ककोडीकडचा माझा मामा अंथरुणाला खिळला होता. दिवाळीनंतर आमच्या झाडीत मंडयांचा हंगाम असतो. दंडार, नाटकं, घरोघरी पाहुणे. मामाच्या गावच्या मंडईला जायचं आईनं ठरवलं. शेजारचा पोरगा फटफटीनं सोडतो म्हणाला. आई पहाटे उठली, चिवड्याची पिशवी घेऊन ओसरीवर बसली. दहा वाजले, बारा वाजले. पोराला दुसरं काम निघालं होतं. घरात तेव्हा स्कुटी नव्हती. मी म्हटलं, गाडी भाड्यानं करू.

"भाड्याची गाडी दवाखान्यासाठी करतेत नाई तं मयतीसाठी," आई म्हणाली. "मी काई गठोडं आहो का, कोनी उचललं तं जाईन?"

संध्याकाळी तिनं नवं लुगडं सोडून घडी केलं. चिवडा आम्हीच खाल्ला.

जानेवारीत मामा गेला. मग गाडी भाड्यानं केली.

तेराव्यानंतर बायको स्कुटी शिकायला लागली. पण आईचे गुडघे स्कुटीवर चढू देत नव्हते आणि एका स्कुटीनं गाव हलत नाही. गावातला एकजण ऑटो घेऊन दिवसभर देवरीत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायचा. बायकोच्या बचत गटानं त्याला विचारलं, सकाळी नऊला आणि संध्याकाळी साडेपाचला फाट्यापर्यंत फेरी मारशील का? तो म्हणाला, सवारी नसली तर? यावर ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर पुरुषांनी तासभर डोकं खाल्लं. कोणी म्हणे मोठी गाडी घ्या, कोणी म्हणे आमदाराला निवेदन द्या. निवेदन मीच लिहिलं, अक्षर चांगलं म्हणून. आई खालच्या पायरीवर बसून म्हणाली, "त्याले म्हना, येक टाईम सांग अन् तो मोडू नोको. बाकी काई नोको."

शेवटी ठरलं ते असं: सवारीमागे दहा रुपये, आणि रिकामी फेरी झाली तर डिझेलपुरते पैसे गट देईल. पहिले दोन महिने फेऱ्या बहुतेक रिकाम्याच गेल्या. गटातल्या बायका कुरकुरल्या. माझी बायको हिशेबाची वही घेऊन मुकाट बसायची. पण ऑटो रोज नऊला सुटतोच, हे दिसल्यावर हळूहळू माणसं यायला लागली. आधी बीपीच्या गोळ्या आणणाऱ्या म्हाताऱ्या, मग बँकेत अंगठा द्यायला जाणारे, मग माहेरी जाणाऱ्या सुना. आता गटाला पदरचे पैसे क्वचितच घालावे लागतात.

26 ऑगस्ट 2022पासून एसटीत पंचाहत्तरी झालेल्यांना प्रवास फुकट झाला. आधारवर आईचा जन्म 1 जानेवारी 1947 आहे. तो खरा कोणाला माहीत? शाळामास्तर म्हणून मीच अंदाजानं सांगितला होता. पहिल्यांदा कंडक्टरनं पैसे घेतले नाहीत तेव्हा ती त्याच्याशी भांडली. त्यानं शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं तेव्हा गप्प झाली. ते तिकीट तिनं बटव्यात जपून ठेवलंय. पुढच्या मार्चमध्ये बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा बायकोला म्हणाली, "तुले अर्धं, मले पूरं." सवलत छानच आहे, पण ती बसमध्ये चढल्यावर मिळते. फाट्यापर्यंतचे दहा रुपये आई रोख देते आणि सुटे नसले तर ऑटोवाल्याला थांबवून घरात जाऊन आणते.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघं देवरीहून परतलो तर ऑटो पंक्चर. बायको नागपूरला गेली होती. अंधार पडलेला. पिशव्या मी घेतल्या, आईनं माझं मनगट धरलं. तिचे गुडघे नाहीत, माझे डोळे नाहीत. "खड्डा आहे, इकडं ये," म्हणत तिनं मला घरापर्यंत आणलं. वाटेत तीन वेळा बसलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा म्हणाली, "तुझ्या बापालेही असाच आनत होतो. बैल इकल्यावर."

यंदा मंडईला तिनं कोणाला विचारलं नाही. सकाळी पिशवी घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, "नवाच्या ऑटोनं जातो मी. मामी येकटी आहे तिकडं."

नऊला पाच मिनिटं कमी होती.